सुलभ रडीशास्त्र

ही मार्गदर्शिका फुटबॉल शिकवत नाही. ईए स्पोर्ट्स एफसीमध्ये, किंवा त्याआधीच्या फिफा मालिकेत, ज्यांना सुंदर पासिंग आणि कल्पक चढाया करायची हौस आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं. आमचा विद्यार्थी वेगळा आहे. शुक्रवारी रात्री घरच्यांनी वाढलेलं ताट तसंच ठेवून तो गेममधल्या 'अल्टिमेट टीम' प्रकाराच्या वीकेंड लीगला बसतो. ठरावीक विजय मिळाले की खेळाडूंच्या कार्डांचे बक्षिसाचे पॅक मिळतात आणि पॅकमधून एम्बापे निघाला नाही की सोमवारी त्याचा चेहरा बघवत नाही. २०१६ मध्ये फिफा १७ बरोबर ही लीग आली, तेव्हा एका वीकेंडला ४० सामने असत. पुढे ते ३० झाले, मग २०. दोन-तीन दिवसांत ४० सामने खेळणाऱ्याला फुटबॉलचा आनंद घ्यायला सवड नसते, त्याला ते उरकायचे असतात. आमच्या शास्त्राचा उगम या उरकण्यात आहे.

मूळ सूत्र एकच: गेमने करू दिलं ते कायदेशीर. पंच प्रोग्रॅमच्या आत बसलेला आहे. त्याला ऑफसाइड कळतो, लाज कळत नाही.

संघ निवडताना आवडता क्लब, लहानपणीचा हिरो असलं काही मनात आणू नये. सध्या 'मेटा' काय आहे, म्हणजे गेममधली कोणती गोष्ट वाजवीपेक्षा जास्त चालते आहे, तेवढं बघावं. अभ्यासासाठी फिफा २३ हा उत्तम नमुना. त्यात कंपनीने धावण्याचे तीन प्रकार पाडले: एक्स्प्लोझिव्ह, कंट्रोल्ड आणि लेंग्दी. हेतू वास्तवाचा होता. चपळ विंगरने पहिल्या दोन पावलांत निसटावं आणि उंच, धिप्पाड गड्याने सावकाश सुटून लांब पल्ल्यात त्याला गाठावं, अशी कल्पना. झालं असं की लेंग्दी मंडळी सगळ्यांनाच गाठू लागली. व्हॅन डाइकसारखा सेंटर बॅक भल्याभल्या विंगरना मागे टाकताना पाहून अभ्यासू विद्यार्थ्यांनी ताडमाड बचावपटू थेट स्ट्रायकरच्या जागी उभे केले. त्यांच्याहून तल्लख विद्यार्थ्यांनी पुढचा शोध लावला. 'आर्किटेक्ट' ही केमिस्ट्री स्टाइल लावली की खेळाडूची ताकद वाढते आणि ताकद पुरेशी वाढली की पुरेसा उंच खेळाडूही लेंग्दी होतो. पळायला यावं म्हणून जोर-बैठका काढायच्या, असा हा प्रकार! शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर जरूर लिहावं.

कंपनीने मग पॅच आणून या मंडळींचा वेग आवरला आणि पुढच्या वर्षी, एफसी २४ मध्ये, तीन प्रकारांचे सात केले. तोवर आमचे विद्यार्थी पायाच्या बाहेरच्या कडेने मारायच्या 'ट्रिव्हेला' फटक्यावर गेलेही होते. अवघड कोनातून, तोल गेलेला असताना, नको त्या पायाने मारला तरी चेंडू वळून जाळ्यात. त्यावरही पॅच आला.

गोल करण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बाजूने पळत गोलरेषेपर्यंत जायचं, गोलकीपर अंगावर आला की चेंडू मागे, मोकळ्या गड्याकडे सरकवायचा आणि रिकाम्या जाळ्यात ढकलायचा. याला कटबॅक म्हणतात आणि समोरचा हेडफोनमध्ये तोंडाला येईल ते म्हणतो. त्यात बेकायदा काय आहे, असं आपण शांतपणे विचारावं. खऱ्या मैदानावरही असे गोल होतात. फक्त तिथे एका सामन्यात सातच्या सात गोल असेच झालेले सहसा दिसत नाहीत.

एकदा १-० झालं की खरी विद्या सुरू होते. फॉर्मेशन ५-४-१, बचावाची रेषा गेम जितकी मागे नेऊ देईल तितकी मागे, आणि चेंडू आपल्या सेंटर बॅकपासून गोलकीपरपर्यंत आणि परत. एक डाव सहा मिनिटांचा, सामना बारा मिनिटांचा. एवढा वेळ कोणीही काढू शकतो. 'गोलसमोर बस लावणे' हा वाक्प्रचार ज्यांनी रूढ केला त्या चेल्सीच्या प्रशिक्षक मोरिन्यो यांनी तो सप्टेंबर २००४ मध्ये टॉटनहॅमला उद्देशून वापरला होता, तेही तक्रारीच्या सुरात. पुढे लोकांनी तो त्यांनाच चिकटवला. खऱ्या फुटबॉलमध्ये गोलकीपरला मागे पास देऊन वेळ काढण्याची कला १९९० च्या विश्वचषकात इतकी फुलली की १९९२ मध्ये नियम बदलून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास हाताने उचलायला बंदी घालावी लागली. आमच्या विद्यार्थ्याने हा इतिहास अभिमानाने वाचावा.

मानसिक छळाचं प्रकरण पूर्वी मोठं होतं, आता आवरतं घ्यावं लागतंय. गोल झाला की ओठांवर बोट ठेवून समोरच्याला गप्प करणारं सेलिब्रेशन, मग पूर्ण रिप्ले, मग पॉझ. फिफा २१ मध्ये कंपनीने ते 'शुश' सेलिब्रेशन काढून टाकलं आणि मधल्या वेळकाढूपणालाही कात्री लावली. नेट तोडून पराभव टाळण्याचं तंत्र तर आता शिकवतही नाही. फिफा २२ मध्ये हरलेला सामना नोंदच होऊ न देणारी एक फट सापडली होती. ती वापरणारी हजारो खाती काही दिवस बंद झाली. रडीचा डाव हा सूत्रात बसणारा हवा. चोरी हा वेगळा अभ्यासक्रम.

कोणी खिलाडूवृत्तीचं प्रवचन दिलं तर क्रिकेटपटू विनू मंकड यांचं नाव पुढे करण्याचा मोह होईल. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीत त्यांनी नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला क्रीझ सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात बसणारी गोष्ट असूनही त्यांचं नाव कित्येक दशकं हिणवण्यासाठी वापरलं गेलं. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने ही तरतूद 'अनफेअर प्ले'च्या कलमातून काढून साध्या 'रन आउट'मध्ये नेली ती २०२२ मध्ये. युक्तिवाद भक्कम वाटतो, पण जपून. मंकड यांनी ब्राउनला आधीच्या एका सामन्यात ताकीद दिली होती आणि जे केलं ते भर उन्हात, स्वतःच्या नावानिशी केलं. शिवाय तिथे फायदा उपटत होता तो फलंदाज. आमच्या विद्यार्थ्याचं ऑनलाइन नाव 'किलर'च्या पुढे चार आकडे असं काहीतरी असतं. तुलना सुरू झाली की आपणच उघडे पडतो. विषय बदलावा.

आता सगळ्यात गंभीर धोक्याकडे वळतो. तो धोका आहे 'गोल्डन गोल'चा. अल्टिमेट टीमच्या फ्रेंडली सामन्यांत इतके विजय मिळवा, अमुक खेळाडू मिळेल, अशी उद्दिष्टं असतात. तिथे पराभवाने फारसं काही बिघडत नाही. मग कुठून कोण जाणे, लोकांत एक रीत पडली: पहिला गोल ज्याला बसेल त्याने मुकाट्याने सामना सोडायचा. जिंकणाऱ्याचा वेळ वाचतो, हरणाऱ्याचाही वाचतो आणि पुढच्या सामन्यात पारडं फिरू शकतं. हे नियमपुस्तकात नाही. न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. समोरचा ब्राझीलचा आहे की बीडचा, कळत नाही. कोणी कोणाशी बोलत नाही. तरी गोल बसतो आणि समोरचा निघून जातो.

अशा माणसासमोर आमचं शास्त्र लंगडं पडतं. स्वतःला गोल बसल्यावर न सोडणं आणि आपण गोल केल्यावर त्याने सोडावं अशी अपेक्षा करणं, हे सूत्रात बसतं, फायद्याचंही आहे. तरीही कित्येक चांगले विद्यार्थी याच ठिकाणी वाया गेले. आधी एकदा सामना सोडला, मग सवय लागली, मग कटबॅकच्या जागी लांबून फटके मारून पाहू लागले आणि शेवटी हरल्यावर 'गुड गेम' लिहू लागले. पालकांनी लक्ष ठेवावं.

करिअर म्हणूनही या शास्त्राचा विचार व्हावा. आपण शोधलेली फट दोन दिवसांत यूट्यूबवर जाते, आठवड्याभरात सगळी लीग ती वापरते, मग आरडाओरडा होतो आणि कंपनी ती बुजवते. गेममधले दोष शोधायला एरवी पगारी माणसं ठेवावी लागतात. आपण ते काम रात्रीची झोप मोडून, गेमची पूर्ण किंमत भरून, वर पॅकसाठी पॉइंट विकत घेऊन करतो. बेल्जियममध्ये पॅक जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरल्यावर २०१९ मध्ये तिथे पॉइंटची विक्री थांबली. तिथल्या विद्यार्थ्यांना ही सेवा स्वस्तात करता येते.

राहता राहिली एकच अडचण, तीही या मार्गदर्शिकेच्या खपामुळे आलेली. समोरच्यानेही ही वाचलेली असते. दोघंही ५-४-१, दोघांचेही सेंटर बॅक लेंग्दी, दोघंही चेंडू मागे खेळवत समोरच्याने पुढे यावं म्हणून थांबलेले. नव्वद मिनिटं ०-०, जादा वेळ ०-०. सोडावं तर पराभव नोंदला जातो, म्हणून दोघंही सोडत नाहीत आणि सामना पेनल्टीवर जातो. पेनल्टीचं प्रकरण पुढच्या आवृत्तीत देऊ. सप्टेंबरात नवा गेम येईल, तेव्हा तिथे काय चालतं ते आधी पाहावं लागेल.