देवाचा विसावा, आपला गोंगाट

ग्रीसला जायचंय. छोटंसं बेट हवं, गर्दी नको, नुसती शांतता. आपल्या करकंबसारख्या गावातही आता असे बेत होतात. द्राक्षांचे पैसे आले, पासपोर्ट निघाला. जावं की! कष्टाच्या पैशावर चार दिवस विसावा घेण्यात वावगं काय?

फक्त एक सांगा. विष्णुपदाला शेवटचं कधी गेला होतात?

पंढरपूर आपल्याला किती लांब? तिथून पुढे गोपाळपूरजवळ, भीमेच्या पात्रात हे मंदिर उभं आहे. नदी फुगली की चहूबाजूंनी पाणी. बेट म्हणजे आणखी काय असतं?

आषाढी झाली, कार्तिकी झाली, लाखोंना दर्शन देऊन झालं, की मार्गशीर्षात पांडुरंग महिनाभर इथे मुक्कामाला येतो, ही आपली श्रद्धा. कुणी म्हणतं, दमून येतो. कुणी म्हणतं, ज्ञानोबांच्या समाधीचं दुःख घेऊन येतो. थकवा असो की शोक, दोन्हींवर औषध एकच. एकांत.

तो आपण त्याला देतो का?

मार्गशीर्षात तिथे वनभोजनाला जायची रीत जुनी आणि गोड. भाकरी, आपली बाजार आमटी, वाळूत पंगत. तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे स्पीकरची आणि पात्रात भिरकावलेल्या प्लास्टिकच्या ताटांची. पाहुणा निजला तर आपण घरातल्या पोरांना दटावतो. इथे तर देव विसावलाय!

ज्या ग्रीसची शांतता हवी, तिथल्या हायड्रा बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे. सामान खेचरं वाहतात. ही शांतता लाटांनी आणून दिलेली नाही, माणसांनी नियम करून राखली आहे.

ग्रीसच्याच सँटोरिनी बेटाने उशीर केला. गर्दी गळ्याशी आली, तेव्हा 2025 पासून क्रूझने येणाऱ्यांवर दिवसाला 8,000 ची मर्यादा घालावी लागली.

आपण कुणाची वाट पाहतोय? सरकारी फलकाची?

विष्णुपदावर ज्याला तासभर गप्प बसवत नाही, तो ग्रीसला जाताना गोंगाटही बरोबर नेणार.

ग्रीसला खुशाल जा. त्याआधी या मार्गशीर्षात विष्णुपदाला जा. डबा न्या, आजीला न्या, ताटं घरची न्या आणि उचलून परत आणा.

स्पीकर तेवढा घरी राहू द्या.