पायाळू राऊटर

पायाळू माणसावर वीज पडते, असं आमच्या शहाद्याकडे अजूनही ठामपणे सांगतात. आभाळ गडगडलं की पायाळू पोराला अंगणातसुद्धा जाऊ देत नाहीत. आमच्या घरात पायाळू कुणी नाही. तरी रोहिणीत वळवाचा पहिला तडाखा बसला आणि राऊटर गेला.

"काय व्हयनं भो?" शेजारच्या नानांनी कुंपणावरून विचारलं.

"राऊटरवर ईज पडनी, नाना."

"मंग घर कसं वाचनं?"

शंका रास्त होती. वीज पडली होती लांब शिवारातल्या निंबावर. पण एका विजेत 30,000 अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो. तो जमिनीत उतरताना आजूबाजूच्या प्रत्येक लांब तारेत क्षणभर दाब उसळवतो. आमच्या गच्चीवरच्या इंटरनेटच्या डिशपासून ओट्यावरच्या माझ्या सेवा केंद्रापर्यंत लॅन केबल आलेली. राऊटरचं पोर्ट जेमतेम 1,500 व्होल्ट सोसणारं. त्यानं मान टाकली.

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून आम्ही अंगठ्याच्या बाबतीत देशाच्या पुढे. पण राऊटर मेला की अंगठा नुसता अंगठाच राहतो. ई-केवायसीला आलेली माणसं ओट्यावर बसून माझ्याकडे असं बघतात, जणू वीज मीच पाडली.

मग सल्ले सुरू झाले. भाचा म्हणाला, "मामा, फायबर घ्या. काचेतून वीज येत नाही." खरं आहे. पण त्या केबलला खांबावर तोलून धरणारी पोलादी तार असते आणि फायबरच्या डब्याचा प्लग शेवटी भिंतीतच जातो. दुसऱ्यानं पुण्याच्या मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप सुचवलं. वीज जवळ आली की ते सावध करतं. मग सगळे प्लग आणि केबली काढून ठेवायच्या. उत्तम! फक्त माझ्या मोबाइलला घरात रेंज नाही, दामिनी राऊटरवरच चालते. तिचा पहिला इशारा मानला की दुसरा येत नाही.

शेवटी मी एक भारीतला सर्ज प्रोटेक्टर आणला. त्याच्या पोटात एमओव्ही नावाची चकती असते. एरवी ती गप्प बसते; दाब वाढला की जादा वीज निमिषात अर्थिंगकडे ढकलते. आणि अर्थिंग? आमच्या वायरमननं भिंतीत तीन भोकं दिली होती, पण तिसऱ्यामागे तारच नव्हती. ते भोक सममितीसाठी! गल्लीत चौकशी केली, तर घरोघरी तिसरं भोक असंच शोभेचं निघालं. हजारोंचा टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर सगळं त्याच्या भरवशावर.

नवा वायरमन जाणता निघाला. डिशच्या केबलला त्यानं वेगळा अरेस्टर लावला. पण त्याची तार वेगळ्या खड्ड्यात न सोडता घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडली. एका घरात दोन सुट्या अर्थिंग म्हणजे भाऊबंदकी: वीज पडली की दोघींचा दाब वेगळा, आणि भांडणात मरतो मधला राऊटर.

आता परसात पुरुषभरापेक्षा खोल खड्डा आहे. तळाशी तांब्याची प्लेट, वर कोळसा-मिठाचे थर. माती कोरडी पडली की वीज मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याला पाणी घालावं लागतं. नळाला पाणी दिवसाआड, आई भांडी राखेनं घासतेय, आणि मी मिठाला बादली ओततोय.

नाना परत कुंपणावर. "कसानं झाड लायं भो?"

"झाड नाही, अर्थिंग."

"मंग येल्हे काय लागी?"

"काहीच नाही, नाना. काहीच होऊ नये, म्हणून तर ते आहे."

नानांनी क्षणभर विचार केला. "खड्डा खणना, पैसा गया, पानी गयं, आनि व्हनार काहीच नही. मंग ही सरकारी योजनाच शे ना? माले बी बठी का, देख!"