उपनगरी स्वेटराचे उत्तरायुष्य

मुंबईच्या उपनगरांतील स्वेटर हवामानशास्त्राच्या आधाराने समजून घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत, म्हणजे जिथला पारा उपनगरांचा पारा म्हणून वर्तमानपत्रांत छापला जातो तिथे, नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ या दिवशीचे आहे. एरवी जानेवारीतही तिथले सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपासच असते, आणि एवढ्याशा गारव्याला थंडी म्हणणे नाशिककराला पटत नाही. तरीही अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असे मराठी घर विरळा, की ज्याच्या दिवाणात, म्हणजे वर गादी आणि पोटात अर्धा संसार सांभाळणाऱ्या पेटीवजा पलंगात, डांबरगोळ्यांच्या सहवासात चार-सहा स्वेटर निजलेले नाहीत. तेव्हा उपनगरी स्वेटराचे मूळ थंडीत न शोधता नात्यागोत्यात शोधणे अधिक शास्त्रीय ठरते.

यांतला एक स्वेटर आत्याने विणलेला असतो, आणि तो ज्याच्यासाठी विणला त्याची मापे मधल्या काळात तिच्या अंदाजाच्या पुढे गेलेली असतात. दुसरा मनालीच्या सहलीला निघताना घाईने घेतलेला असतो. बहुधा पदपथावर हिवाळ्यापुरते दुकान मांडणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून, जे आपला माल लुधियानाहून आणतात. तिसरा शाळेचा असतो आणि त्यावरचा बिल्ला उसवून ठेवलेला असतो. अलीकडे या संग्रहाला नवे प्रयोजन लाभले ते निसर्गामुळे नव्हे, तर वाहतूक व्यवस्थेमुळे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली, २५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली वातानुकूलित लोकल बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली, आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-उद्योग वसाहतीत संगणकांसाठी राखलेला गारवा माणसांनाही मिळू लागला. त्यामुळे ऐन मे महिन्यात घामाघूम होऊन फलाटावर उभे राहायचे आणि डब्यात शिरताच पिशवीतून स्वेटर काढायचा, अशी एक नवीच ऋतुचर्या उपनगरांत रूढ झाली आहे. परंतु एका माणसाला असा एकच स्वेटर पुरतो. उरलेल्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न.

जुन्या कपड्यांची विल्हेवाट लावण्याची मराठी घराची जुनी व्यवस्था म्हणजे बोहारीण, जी कपडे घेऊन त्या बदल्यात भांडी देते. या व्यवहारात जरीची साडी आणि शर्टपँट यांना मान असतो. स्वेटर पुढे केला की मात्र बोहारीण तो उन्हाकडे धरते, कसरीने, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीने, पाडलेली भोके मोजते, आणि ज्याच्या जोरावर पातेल्याची आशा धरली होती त्याच्या मोबदल्यात चहाची गाळणी दाखवते. अशा वेळी आत्याच्या दोन महिन्यांच्या श्रमाची किंमत गाळणीएवढी ठरणे घरातल्या कोणालाच मानवत नाही, आणि स्वेटर सन्मानाने दिवाणात परततो.

याच सुमारास घरात हस्तकलेचा शिरकाव होतो. जुन्या स्वेटरांचे हातमोजे करण्याच्या कलेला जागतिक प्रतिष्ठा मिळाली ती २० जानेवारी २०२१ रोजी, बायडेन यांच्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शपथविधीला सिनेटर बर्नी सँडर्स हे मांडीवर हात घेऊन कुडकुडत बसलेले छायाचित्रात दिसले तेव्हा. त्यांच्या हातांतले मोजे व्हरमाँट राज्यातील जेन एलिस या शिक्षिकेने जुने लोकरी स्वेटर कापून शिवलेले होते आणि त्यांना आतून प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनलेल्या मऊ कापडाचे अस्तर होते. हे छायाचित्र मुलुंडच्या कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटांवरही यथावकाश पोचले, आणि राजकारणाशी सुतराम संबंध नसलेल्या अनेक गृहिणींना आपल्या दिवाणात काय दडले आहे याचा साक्षात्कार झाला.

असे हातमोजे पाच बोटांचे नसतात. त्यांच्या रचनेत चार बोटांना मिळून एकच खोली असते आणि अंगठ्याला तेवढा स्वतंत्र ब्लॉक दिलेला असतो. ज्यांनी चाळीत बालपण आणि सोसायटीत म्हातारपण काढले त्यांना ही वाटणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. चार बोटे एकमेकांच्या उबेने गरम राहतात हा त्यामागचा हिशेब. कागदावर हात ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखायची, शिवणीसाठी बोटभर जागा सोडायची, आणि स्वेटरच्या खालच्या काठाची पट्टी, जिला विणणाऱ्या बायका बॉर्डर म्हणतात आणि जी सुलट-उलट टाक्यांमुळे ताणली की पसरते व सोडली की आकसते, ती मनगटाशी येईल असे पाहून कात्री चालवायची, एवढी ही विद्या आहे.

पण कात्री चालवण्याआधी लोकर आटवावी लागते, नाही तर कापलेल्या कडेचे टाके एकामागून एक सुटत जातात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांच्या योगाने ते एकमेकांत अडकतात आणि विणीचा माग पुसून टाकणारे दाट कापड तयार होते, ज्याला फेल्ट म्हणतात. महाराष्ट्राला हे तंत्र अपरिचित नाही, कारण बुरणूस हे जाड पांघरूण लोकर न विणता, दाबूनच केले जात असे. अडचण तंत्राची नसून पाण्याची आहे. पालिकेचे पाणी ठरल्या वेळी येते, गीझर एका अंघोळीपुरता असतो, आणि जे धुलाईयंत्र एरवी शर्टाची कॉलर स्वच्छ करायला तयार नसते त्याच्याकडून स्वेटर निम्म्यावर आणण्याची अपेक्षा केली जाते. शिवाय हेच रसायनशास्त्र याच घरात आधी एकदा सिद्ध झालेले असते: नवऱ्याचा काश्मिरी स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला आणि थोरल्या नातवाला बेताचा बसला, तेव्हा त्याला हस्तकला न म्हणता निष्काळजीपणा म्हटले गेले होते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. उपनगरी दिवाणातले बहुतेक स्वेटर लोकरीचे नसतातच. ते अॅक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेल्या कृत्रिम तंतूचे असतात, आणि या तंतूला खवले नसल्यामुळे तो कितीही उकळला तरी फेल्ट होत नाही, फक्त केविलवाणा दिसू लागतो. खात्री करून घेण्याचा सोपा उपाय असा, की शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि मोरीत जाऊन पेटवावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख उरली तर ती लोकर; वितळून काळा कडक मणी झाला तर ते अॅक्रिलिक. हा प्रयोग आत्याच्या देखत करू नये, कारण ‘शुद्ध लोकर आहे हो, हात लावून बघ’ हे तिचे विधान तीस वर्षे निर्विवाद मानले गेलेले असते.

एवढे होऊन हातमोजे झालेच, तर ते घालायचे कुठे? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरणारे बोरिवलीकर डिसेंबरात कानटोपी चढवतात हे खरे, पण हातमोज्यांपर्यंत त्यांचीही मजल जात नाही. पुण्यात निदान सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात. मुंबईच्या देवांनाही घाम येतो. त्यामुळे मोज्यांची एक जोडी न्यू जर्सीच्या लेकीकडे रवाना होते, जिथे बर्फ आहे पण दुकानेही आहेत, आणि दुसरी स्वयंपाकघरात येते, जिथे सांडशी नावाचे अवजार पूर्वीपासून आपले काम चोख करत असल्याने मोजा खिळ्यावर लटकतो. त्या मानाने गरम पाण्याच्या पिशवीचे आवरण ही वस्तू कितीतरी उपयोगी ठरते, कारण गुडघेदुखीला ऋतू लागत नाही. त्याच्या खालोखाल किटलीची टोपी. मोबाइलचे पाकीट, उशीचा अभ्रा आणि लोकरी फुले यांविषयी एवढेच म्हणता येईल, की ती भिशीत भेट देण्यासाठी असतात आणि वर्षभरात फिरून मूळ घरी येतात.

या सगळ्यापेक्षा जुनी मराठी पद्धत, म्हणजे स्वेटर उसवणे, अधिक शहाणपणाची होती असे नमूद करणे भाग आहे. हाताने विणलेला स्वेटर गळ्याशी संपवलेला असतो. तिथली शेवटची गाठ सापडली की धागा सरसर खालपर्यंत सुटत येतो. कुरळी झालेली ती लोकर खुर्चीच्या पाठीवर, किंवा अभ्यास टाळू पाहणाऱ्या नातवाच्या पसरलेल्या दोन हातांवर, गुंडाळून लड करायची, कोमट पाण्यात धुवायची, आणि बाल्कनीच्या दोरीवर टांगून खालच्या टोकाला जुने कुलूप अडकवायचे, की दुसऱ्या दिवशी ती सरळ होते. वडिलांच्या स्वेटरची बंडी, बंडीचे बाळाचे टोपडे आणि टोपड्यातून उरलेल्या लोकरीचे पायमोजे, अशा पिढ्या एकाच लोकरीने पाहिल्या आहेत, आणि त्यात अॅक्रिलिकही भेदभाव न होता सामावले गेले. कारखान्यात कापून शिवलेल्या स्वेटरला मात्र हे भाग्य नाही. तो उसवला की प्रत्येक ओळीचा तुटका तुकडा हाती येतो, आणि अशा स्वेटरवर कात्री चालवायला कोणाचीच हरकत नसावी.

ज्यांचा निश्चय कायम आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. अॅक्रिलिकचा मोजा गॅसजवळ नेऊ नये, कारण तो वितळून हाताला चिकटतो. आणि शुद्ध लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात टाकण्यापूर्वी तो कोणी विणला होता याची घरात चौकशी करावी, कारण एकदा फेल्ट झालेली लोकर पुन्हा उसवता येत नाही.