पूजेनंतर बघू

अण्णांच्या गाडीला गिऱ्हाईक आलं की अण्णा किंमत सांगत नाहीत, तारीख विचारतात. समोरचा म्हणतो, "द्यायची असेल तर मी घेतो." अण्णा म्हणतात, "कधी हवीय?" तो म्हणतो, "आत्ता नेतो." मग अण्णा त्याच्याकडे अशा करुणेने पाहतात, की त्यालाच आपण काहीतरी अभद्र बोललो असं वाटावं. "आत्ता कसं शक्य आहे? पूजेनंतर बघू."

हा माणूस तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. पुण्यात तो वडिलांची बजाज चेतक जिन्याखाली राखून असतो, नाशकात त्याच्याकडे प्रीमिअर पद्मिनी असते, कोल्हापुरात जावा. आमचे अण्णा कलकत्त्यात आहेत आणि त्यांच्याकडे १९९४ सालची ॲम्बेसेडर नोव्हा आहे, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही. पुण्याच्या माणसाला सबबी स्वतः शोधाव्या लागतात. अण्णांना त्या दोन राज्यं पुरवतात.

अण्णांच्या भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्याच्याखाली टेबलावर गुप्ता प्रेसची बंगाली पंजिका. जुलैत विचारलंत, तर गणपती तोंडावर आलेले असतात. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उत्सव, सामानाची ने-आण कोण करणार? गणपती उठले की पितृपक्ष. पितृपक्षात माणूस रुमाल विकत घेत नाही, गाडी कोण घेईल? तेवढ्यात १७ सप्टेंबरच्या सुमाराला विश्वकर्मा पूजा येते. त्या दिवशी बंगालात यच्चयावत यंत्रांना हार पडतात, आकाशात पतंग असतात आणि मिस्त्री लोक हत्याराला हात लावत नाहीत. अण्णांची गाडी त्या दिवशी गॅरेजात पुजली जाते. मग दसऱ्याला घरी पुन्हा: झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. एकाच हंगामात दोन प्रांतांनी पुजलेलं दैवत लगेच विकायला काढायचं? मधे चार दिवस दुर्गापूजा, त्यात अख्खं कलकत्ता रस्त्यावर. पाठोपाठ लक्ष्मीपूजा, कालीपूजा, तीच आपली दिवाळी, मग जगद्धात्रीपूजा. दम घ्यावा तर पौष लागतो. पौषात बंगाली माणूस शुभकार्य करत नाही. माघात सरस्वतीपूजा. पुढे पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला एक. कालनिर्णय हिरवा कंदील दाखवतं, अण्णा पंजिका उघडतात आणि दुःखाने सांगतात की बंगाल्यांना चैत्र वर्ज्य आहे. वैशाखात दोन्हीकडे मोकळीक असते, पण तेव्हा नातवंडं सुट्टीला आलेली असतात आणि त्यांना व्हिक्टोरिया मेमोरिअलला गाडीतूनच जायचं असतं. त्यानंतर पाऊस. पावसात गाडी दाखवली तर पत्र्याचा दोष दिसतो, आणि अण्णा फसवाफसवीच्या विरुद्ध आहेत.

हे अण्णा एरवी पंचांग मानत नाहीत, हे सांगायचं राहिलं. त्यांच्या मुलाचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं, आणि त्या दिवशी अमावास्या होती हे काकू अजून ऐकवतात.

दुसऱ्याच्या गाडीच्या बाबतीत मात्र अण्णा निर्दय आहेत. वरच्या मजल्यावरच्या भट्टाचार्यबाबूंच्या मारुती ८०० ला पंधरा वर्षं झाली, त्याच आठवड्यात अण्णा जिन्यात त्यांना गाठून म्हणाले, "काढून टाका, दादा. यंत्रात जीव गुंतवू नये." भट्टाचार्यबाबूंनी ऐकलं, काढून टाकली, आणि आता ते गरियाहाटला जायचं झालं की अण्णांना विचारतात, "गाडी निघतेय का?" अण्णांना हा मोठा नैतिक विजय वाटतो.

मुळात अण्णांचा युक्तिवाद तोडता येत नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे. गाडी बंद पडली असताना विकली तर भंगाराचा भाव येतो. म्हणून आधी दुरुस्त करायची. दुरुस्त झाली, की ती इतकी छान चालते, की विकायची कशाला? नवी क्लच प्लेट घातलेली गाडी दुसऱ्याच्या हाती देणं हा वेडेपणा आहे. मग सहा महिन्यांनी सेल्फ जातो. सेल्फ गेलेली गाडी कोण घेणार? या चक्रात विकण्याजोगा दिवस कुठे असतो, ते मी कागदावर मांडून पाहिलं. नसतो. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतो हे अण्णांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की मसाला घालून झाल्यावर कोंबडी चार आण्यांची राहत नाही.

जाणकार लोक एक ठोकताळा सांगतात: वर्षाचा दुरुस्तीखर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, की गाडीला नमस्कार करावा. मी तो अण्णांना सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "निम्मी काढायची, तर आधी पूर्ण किंमत ठरव." आणि त्यांनी मला प्यूजोचं उदाहरण दिलं. २०१७ साली त्या फ्रेंच कंपनीने हिंदुस्थान मोटर्सकडून ॲम्बेसेडर हे नाव घेतलं, ८० कोटी रुपयांना. गाडी नाही, कारखाना नाही, नुसतं नाव. "आता मला सांग," अण्णा म्हणाले, "नुसत्या नावाला ८० कोटी, तर नावासकट गाडीला किती?" मी गप्प बसलो. मीटरबद्दलही असंच. त्यांच्या गाडीचा मीटर पाच आकडी आहे. लाख किलोमीटर झाले की पुन्हा शून्य. दोनदा शून्य येऊन गेलं. अण्णा चेहऱ्यावरची रेषाही न हलवता सांगतात, "फक्त अडतीस हजार चाललीये."

बंगालात राहणाऱ्या मराठी माणसाला बर्गी टाळता येत नाहीत. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा, म्हणजेच हे बर्गी, १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं इथे येत राहिल्या. त्यांनी केलेले अत्याचार बंगालने विसरावेत असे नव्हते, आणि बर्गींची भीती इथल्या आयांनी अंगाईतही जपली. तेव्हाच्या कलकत्त्याने रक्षणासाठी एक खंदक खणायला घेतला, मराठा डिच. तो पुरा झालाच नाही, कारण बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत. शेवटी नवाब अलीवर्दीखानाने १७५१ च्या तहात वर्षाला १२ लाखांची चौथाई कबूल केली. भट्टाचार्यबाबू अण्णांना हे अधूनमधून ऐकवतात. तेव्हा अण्णा खर्चाची वही उघडून दाखवतात. हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला तयार झालेली ही बंगाली गाडी एका मराठी माणसाच्या पेन्शनीतून दरमहा बिनबोभाट चौथाई उचलते आहे. तो खंदक पुढे बुजवला गेला, तिथून सर्क्युलर रोड निघाला, आणि चौथाईचा भरणा अण्णा त्याच रस्त्यावर, मल्लिकबाजारात जाऊन करतात.

मल्लिकबाजार हे जुन्या सुट्या भागांचं ठिकाण आहे. तिथे गाडीचा प्रत्येक अवयव मिळतो: रेडिएटर, डायनॅमो, कार्ब्युरेटर, दाराचं हँडल, मागच्या दिव्याची काच. अण्णा तिथे सकाळी जातात आणि जेवायला उशिरा येतात. दुकानदार त्यांना 'मास्टरमोशाय' म्हणतात, कारण ते भाग विकत घेण्याआधी तोंडी परीक्षा घेतात. हा भाग कुठल्या सालचा? कुठल्या गाडीचा? का काढला? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: पिवळ्या टॅक्सीचा.

इथे अण्णांच्या गोष्टीला एक काळी किनार आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानंतर शहरात पंधरा वर्षांपुढची व्यावसायिक वाहनं बाद होऊ लागली, त्यात टॅक्स्या आल्या. खासगी गाडीला तसं नाही. पंधरा वर्षं झाली की तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेता येते. म्हणजे एकाच कारखान्यातल्या, एकाच घडणीच्या दोन गाड्यांपैकी पिवळी मोडीत निघाली आणि पांढरी तिच्या अवयवांवर जगली. अण्णांची गाडी धावते आहे ती कुणा बिहारी टॅक्सीवाल्याच्या मोडीत गेलेल्या रोजीरोटीवर. हे मी एकदा बोललो. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "म्हणून तर हळू चालवतो."

२०१४ हे अण्णांच्या घरात सुतकाचं वर्ष होतं. मे महिन्यात उत्तरपाड्याचं काम थांबलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. १९५७ च्या सुमाराला मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून आलेली गाडी, अर्धशतकाहून अधिक काळ जवळजवळ त्याच चेहऱ्याने बनत राहिली होती. कामगार रस्त्यावर आले. त्यांच्याबद्दल अण्णा अजून पोटतिडकीने बोलतात. त्याच वर्षी त्यांच्या गाडीची नोंदणी नूतनीकरणाला आली होती. काकूंना वाटलं, आता तरी. अण्णा म्हणाले, "आता तर मुळीच नाही. आता नवी येणार नाही." २०२२ च्या एप्रिलपासून सरकारने जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार केली, तेव्हा काकूंनी पुन्हा आशा धरली. अण्णांनी त्यातूनही समाधान काढलं: "बघ, सरकारदरबारीसुद्धा तिची किंमत वाढली."

काकूंबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. त्यांना पुण्याला जायचं आहे. कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवला आहे, मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्यातच. अण्णा निवृत्त झाले तेव्हाच निघायचं ठरलं होतं. कधी? पूजेनंतर. मला ही गोष्ट लक्षात यायला फार वेळ लागला. आम्ही सगळे अण्णांना गाडीबद्दल विचारत होतो, आणि अण्णा उत्तर देत होते ते दुसऱ्याच प्रश्नाचं.

कलकत्त्यातली मराठी माणसं येतात आणि जातात. बँकेतले, रेल्वेतले, सैन्यातले, सोन्याच्या गलाईच्या धंद्यातली सांगलीकडची पोरं. जाणारा प्रत्येकजण हावड्याला जातो, आणि आमच्या ओळखीतला जवळजवळ प्रत्येकजण अण्णांच्या गाडीतून गेला. गीतांजली एक्स्प्रेस दुपारी निघते. अण्णा सकाळीच दाराशी उभे. त्या डिकीत काय मावत नाही! वळकट्या, शिवणयंत्र, तांब्याचा बंब, एकदा तर तुळशीवृंदावन. हावड्याला मोटार थेट फलाटाच्या कडेपर्यंत जाते, त्यामुळे हमाल लागत नाही, हे अण्णा दरवेळी नव्याने सांगतात. गाडी सुटेपर्यंत थांबतात, डब्यातल्या अनोळखी माणसाला "यांच्याकडे जरा लक्ष द्या" म्हणून बजावतात, आणि पुलावरच्या गर्दीतून एकटे परत येतात. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर भांडतात. कुणाची आई आजारी, कुणाची सून बाळंतपणाला निघालेली, कुणाचं गणपतीचं मखर आणायचं, रात्री-अपरात्री फोन केला की अण्णा हजर. गल्लीत गुडघाभर पाणी साचून नव्या चकचकीत गाड्या घशात पाणी जाऊन बंद पडल्या होत्या, त्या दिवशी आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डायलिसिसला पोचवलं ते याच खटाऱ्याने. या गाडीचं पोट जमिनीपासून उंच आहे. हे आधीच लिहायला हवं होतं, पण मी अण्णांवर चिडून लिहायला बसलो होतो.

गेल्या दिवाळीत मी सरळच विचारलं. "अण्णा, गाडी राहू दे. तुम्ही पुण्याला कधी जाणार?"

अण्णांनी पंजिका उघडली नाही. थोडा वेळ काचेवरची धूळ पुसत राहिले, मग म्हणाले, "अरे, जाऊ की. पण आम्हाला हावड्याला सोडून गाडी परत कोण आणणार?"

मी म्हणालो, मी आणीन. तर म्हणाले, "तुला स्टिअरिंगवरचा गिअर जमत नाही." हे खरं आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी किंवा शेजारी असा कोणी असेल, तर त्याला मायलेज, दुरुस्तीखर्च आणि भंगाराचा भाव सांगत बसू नका. त्याला हे सगळं तुमच्याहून चांगलं येतं. कुठे जायचं त्याने टाळलं आहे, ते विचारा. आमच्याकडचा हिशोब मात्र स्पष्ट आहे. शेवटच्या ॲम्बेसेडर टॅक्स्या २०१४ च्या, म्हणजे पंधरा वर्षांची मर्यादा त्यांना २०२९ ला गाठते. अण्णांच्या गाडीची नोंदणी २०२४ ला पाच वर्षांनी वाढली. तीही २०२९ लाच संपेल. सरकार म्हाताऱ्या माणसाला लायसन्सही पाचच वर्षांचं देतं, आणि अण्णांनी ते गाडीच्याच महिन्यात नवं करून घेतलं आहे.