रीत मोकळी, कायदा पहारेकरी

म्यानमारच्या बौद्ध समाजात लग्न लागायला पुरोहित लागत नाही, भिक्खूही लागत नाही. दोघं राजी असली, नवरा-बायको म्हणून उघडपणे एका घरात राहू लागली आणि शेजारपाजाऱ्यांनी त्यांना जोडपं मानलं, की झालं लग्न. मुलगी विसाच्या आतली असेल तर आईबापांची संमती हवी. लग्नानंतर तिचं नाव बदलत नाही, आडनाव तर तिथे मुळात कुणालाच नसतं. संसारात कमावलेली मिळकत दोघांची. राजीखुशीने काडीमोड घ्यायचा ठरला तर जाणत्या माणसांसमोर निम्मी-निम्मी वाटणी. आईबापांच्या मागे मुलीला मुलाइतकाच वाटा, आणि तो डावलता येत नाही, कारण बर्मी बौद्धाला मृत्युपत्रच करता येत नाही.

ही रीत धम्मसत्थ नावाच्या जुन्या ग्रंथांतून आणि गावच्या वहिवाटीतून चालत आली. इंग्रज न्यायाधीशांनी तिला कोर्टात आणलं. त्यातला एक होता जॉन जार्डिन, मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतून बर्मात गेलेला, पुढे मुंबई हायकोर्टात बसलेला. बौद्ध कायद्यावरची त्याची टिपणं 1882-83 मध्ये निघाली. मग 1898 च्या बर्मा लॉज अ‍ॅक्टने ठरवून टाकलं: लग्न आणि वारसा या बाबतींत बौद्धाला बौद्ध कायदा, मुसलमानाला मुसलमानी, हिंदूला हिंदू. वाटणी कागदावर नीट दिसते. पण नवरा एका रकान्यातला आणि बायको दुसऱ्या रकान्यातली असली तर?

तिथे बाईच बुडाली. रंगूनला पोट भरायला गेलेल्या हिंदुस्थानी माणसाने बर्मी बाईशी संसार थाटला, पोरं झाली, दुकान उभं राहिलं. तो मेल्यावर त्याचा हिंदू कायदा तिला बायको मानायला तयार नाही. तो मुसलमान असला, तर त्याच्या कायद्यात धर्म बदलल्याशिवाय तिचं लग्न पक्कं नाही. दुकानात तिचे कष्ट होते, वाटा मात्र शून्य. रत्नागिरीकरांना हा तिढा वेगळा सांगायला नको. रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेल्या बर्माच्या थिबा राजाची थोरली लेक आणि वाड्यावरचा दरवान गोपाळ सावंत यांच्या नात्यातून टुटू जन्मली. सावंतांना आधीची बायको होती. एवढ्या मोठ्या घराण्यातल्या मुलीच्या संसारालाही कुठल्या कायद्याचं धड छप्पर नव्हतं, मग रंगूनच्या बाजारात बसणारीला कोण विचारतो?

म्हणून 1939 साली बौद्ध स्त्रियांच्या विवाहाचा आणि वारशाचा खास कायदा झाला, 1954 मध्ये त्याच्या जागी नवा आला. बौद्ध नसलेल्या नवऱ्याच्या बौद्ध बायकोला बौद्ध कायद्याचे हक्क मिळाले. 1938 च्या हिंदुस्थानीविरोधी दंगलींचा धूर त्या कायद्याच्या पाठीमागे होता, हे खरं. पण बाईची तक्रारही खरी होती आणि तिला उत्तर मिळालं. याला माझा पाठिंबाच आहे.

2015 चा कायदा मात्र मला मुळीच पटत नाही. मा बा था या भिक्खूंच्या संघटनेने रेटा लावला, निवडणूक तोंडावर होती, आणि वंश व धर्माच्या रक्षणाचे चार कायदे एका वर्षात मंजूर झाले. त्यांपैकी एकानुसार बौद्ध बाईला अन्यधर्मीय पुरुषाशी लग्न करायचं तर अर्ज 14 दिवस चारचौघांत लावला जातो. हरकत आली की प्रकरण कोर्टात. बौद्ध पुरुषाने ख्रिस्ती किंवा मुसलमान बाईशी लग्न केलं तर या कायद्याची त्याला आडकाठी नाही! ज्या रीतीने बाईचा होकार पुरेसा मानला, तिचंच नाव घेऊन तिच्या होकारावर गावाला हरकत घेऊ देणं म्हणजे रीत राखणं नव्हे. विरोध करणाऱ्या महिला संघटनांना देशद्रोही ठरवलं गेलं, धमक्या आल्या. बाईच्या रक्षणासाठी बाईलाच धमकावायचं, आणि त्याला परंपरा म्हणायचं?

जुनी रीत निर्दोष होती असं मी म्हणत नाही. पुरुषाला एकाहून जास्त बायका करायची तिने मुभा दिली, बाईला नाही. त्या चार कायद्यांतल्या एकाने ही मुभा काढली. ती काढायलाच हवी होती, रोख कुणावरही असो. शिवाय मोकळ्या लग्नाची किंमत नवरा सोडून गेल्यावर कळते. मग बाईने सिद्ध करायचं की आपण त्याची बायको होतो. शेजारी साक्षीला हवेत, आणि शेजारी घर बदलतात, घाबरतात, मरतात. शहरातली शहाणी जोडपी म्हणून आता साक्षीदार घेऊन न्यायाधीशासमोर प्रतिज्ञापत्रावर सही करतात. खेड्यातली, डोंगरातली बाई हे कुठून करणार?

तिला चौदा दिवसांच्या पाटीचा काहीही उपयोग नाही. तिला हवी आहे गावातच होणारी, फुकट, सगळ्या धर्मांना सारखी नोंदणी, जिच्या एका उताऱ्यावर निम्मी मिळकत मागता येईल. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदाही वर्षानुवर्षं मसुद्यातच अडकला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तो मंजूर करू शकणारी निवडून आलेली संसदच उरली नाही. बाईच्या लग्नावर पहारा ठेवणारा कायदा आणि त्याचे तीन सोबती मात्र 2015 मध्ये मे ते ऑगस्ट एवढ्यात झाले होते.