पंचनाम्यातले तीन पंच गेले कुठे?

'पंचनामा' या शब्दाची फोड करू जाता पहिल्या पदालाच ठेच लागते. पंच म्हणजे पाच, हे बालवाडीतले पोरही सांगेल. पण झडतीसाठी त्या भागातले 'दोन किंवा अधिक' स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पुरेत, असे 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणत असे. 1898 च्या संहितेतही किमान दोनच. म्हणजे सव्वाशे वर्षे तीन पंच बेपत्ता आहेत आणि त्यांच्या बेपत्ता होण्याचा पंचनामा कोणी केलेला नाही. (हा शब्द संहितेत मुळी नाहीच, ही गोष्ट आणखी वेगळी.)

यावर पूर्वपक्ष असा: पाचामुखी परमेश्वर असतो, दोनामुखी फार तर फौजदार. उत्तरपक्ष म्हणतो, पंच म्हणजे पंचायतीत बसून निवाडा करणारा. आकडा झिजला, मान उरला. क्रिकेटचेच पाहा, मैदानात पंच दोघेच. आम्ही उत्तरपक्षाकडे झुकतो, कारण दुसरा इलाज नाही.

'नामा'चे प्रकरण सोपे आहे. त्याचा संबंध संत नामदेवांशी जोडण्याचा मोह कुणाला झालाच, तर तो आवरावा. हा फारसी नामा, म्हणजे लेख. राजीनामा, जाहीरनामा, करारनामा हे त्याचे सख्खे भाऊ आणि फिर्दौसीचा 'शाहनामा' हा थोरला चुलता. चुलत्याचा विस्तार सुमारे 50,000 द्विपदींचा. पुतण्या दीड पानात आटपतो आणि त्यातले अर्धे पान चतुःसीमा खातात. शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हा नामा जागचा हलला नाही.

खरी गंमत शब्दात नाही, आतल्या मजकुरात आहे. पंचनाम्याइतके कडक प्रमाणशास्त्र नैयायिकांनाही साधले नसेल. चोराकडून हस्तगत झालेली सोनसाखळी पंचनाम्यात कधीही सोन्याची नसते. ती 'पिवळ्या धातूची' असते. सोने असल्याचे सोनार सांगेल. पंचांना दिसला तो पिवळा रंग. भिंतीवरचा डाग रक्ताचा नसतो, 'रक्तासारखा दिसणारा' असतो. मोटारसायकल 'जुनी वापरती' असते, किंमत 'अंदाजे' असते आणि अनुमानाला दारातच अडवलेले असते. एवढी शिस्त पाळून शेवटी 'पंचनामा वाचून दाखवला, तो आमचे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' हे वाक्य येते. हे वाक्य मात्र पुष्कळदा पंचांना काही दिसण्याआधीच लिहून तयार असते, असे बचावाचे वकील उलटतपासणीत सुचवतात. पंच फितूर होतात ते बहुधा याच वाक्यापाशी.

लोकव्यवहारात याच्या नेमके उलटे घडते. शेजारणीच्या सुनेचा पंचनामा करायला जमणारे पंच पाचांहून हमखास जास्त, स्वतंत्र तर नसतातच, आणि प्रत्यक्ष पाहिलेले एकानेही काही नसते. पिवळा धातू तिथे बघता बघता दहा तोळे सोने होतो.

शेतातला पंचनामा या दोहोंपेक्षा निराळा. अवकाळीने पीक झोपले की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून बांधावर येतात आणि नुकसान 33 टक्क्यांपर्यंत पोचते की नाही ते ठरवतात. कागदावर 32 टक्के पडलेल्या शेतकऱ्यापुढे शब्दांच्या व्युत्पत्तीची चर्चा करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिनेही पंचांची किमान संख्या दोनच ठेवली. मात्र झडती-जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण सक्तीचे केले. हा कॅमेरा म्हणजे तिसरा पंच, असे आमचे नम्र मत. क्रिकेटमध्ये हा पंच 1992 सालीच आला आणि डरबनच्या कसोटीत त्याने पहिला बळी घेतला तो आपल्या सचिनचा, धावबाद. दोन आणि एक तीन झाले. उरलेल्या दोघांचा तपास चालू आहे.

तोवर वाचकांपैकी कुणाला लेखी हुकूम देऊन पंच म्हणून बोलावले, तर जावे; सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे. फक्त सही करण्याआधी कागद स्वतः वाचावा, आणि सहीच्या वर मोकळी जागा असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारून घ्यावी.