पादचारीपट्टीवरील दरबार

2022 च्या जुलैत जाकार्ताच्या दुकुह आतास स्थानकाबाहेर, चितायम, देपोक अशा उपनगरांतून लोकलने आलेली पोरे, अंगावर स्वस्तातले ढगळ कोट आणि मुद्रेवर राजघराण्यास शोभेल असे औदासीन्य चढवून, झेब्रा पट्ट्यांवरून निष्कारण ये-जा करू लागली, तेव्हा त्या निरुद्योगी विहारास 'चितायम फॅशन वीक' ही संज्ञा प्राप्त झाली. मग साक्षात गव्हर्नर त्या पट्ट्यांवरून मिरवून गेले, आणि एका तालेवार सिनेनटाच्या कंपनीने त्या नावाची मालकी मिळावी म्हणून सरकारदप्तरी अर्ज गुदरला. (फुकटात उगवलेल्यास कुंपण घालण्याची ही तत्परता वाखाणण्याजोगीच!) लोकक्षोभ होताच अर्ज मागे घेतला गेला, रहदारीचा खोळंबा होतो हा साक्षात्कार मात्र सरकारास थोरामोठ्यांची छायाचित्रे निघाल्यानंतरच झाला, आणि पोलिसांचा बंदोबस्त बसला.